शेवटची तीनशे पावलं

गुनवोरबाईंनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. “साधारण डिसेंबर ते जानेवारी, सहा आठवडे, बेटावरून शहरात येणं-जाणं बंद असतं. भाडेकरूला हे मान्य आहे.”

“कळलं?”

“कळलं.”

“नीट कळलं? बंद म्हणजे बंद.”

“हो हो,” मी म्हणालो आणि सही ठोकून मोकळा झालो.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. स्वीडनच्या अगदी उत्तरेला लुलेओ नावाचं गाव आहे, तिथं मी पोलाद शिकायला गेलो होतो. फीमाफी मिळाली होती म्हणून जाता आलं, नाहीतर आमच्या घरातून कोण कशाला तिकडे फिरकतंय. पण फी माफ झाली तरी पोट आणि डोक्यावरचं छप्पर कोणी माफ करत नाही. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची रांग इतकी लांब, की माझा नंबर लागेपर्यंत माझी पदवी हातात आली असती. गावातली साधी खोली महिना साडेचार हजार क्रोनर. पहिले अकरा दिवस मी एका बंगाली मुलाच्या खोलीत जमिनीवर झोपून काढले. बारावा दिवस उजाडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की आता गाशा गुंडाळलेला बरा.

अशात दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली. बेटावर खोली, दीड हजार, चूल आणि गरम पाणी धरून. स्वस्त का, हे विचारायचं असतं एवढी अक्कल मला होती. म्हणूनच बाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली. त्या सहा आठवड्यांमुळेच भाडं एक तृतीयांश होतं.

आणि मी ती वाचून मनातल्या मनात हसलो. कारण मी हरेश्वर डोर्लेकर, खोलवाडीच्या तरीवर माणसं खाडीपार नेणाऱ्या शांताराम खारव्याचा मुलगा. आमच्या धक्क्यावर सरकारी पाटी आहे, ‘पावसाळ्यात तर सेवा बंद’. त्या पाटीच्याच खांबाला आबा, म्हणजे माझे वडील, आपली होडी बांधायचे. जून ते सप्टेंबर माणसं यायची, आधी पाटीकडे बघायची, मग आबांकडे. कुणाला दवाखाना, कुणाला लग्न, कुणाचा नुसताच मंगळवारचा बाजार. आबा आधी नाही म्हणायचे. माणसं गयावया करायची. मग आबा खाडीकडे बघून थुंकायचे आणि दोर सोडायचे. ‘बंद’चा अर्थ मी लहानपणापासून असा शिकलो होतो, की जरा जास्त वेळ मागं लागावं लागतं, बस्स.

बेटावर बारा घरं, त्यातली हिवाळ्यात पाच उघडी. गुनवोरबाई बाहत्तर वर्षांच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा मासेमारी करायचा, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. तिकडे लहानथोर सगळेच एकमेकांना नावानं हाक मारतात. माझी जीभ काही वळेना, म्हणून मी ‘बाई’ जोडायचो. ते आमच्याकडचं नावाचं शेपूट आहे अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि तक्रार केली नाही. माझ्या हरेश्वरचं त्यांनी ‘हारेश’ करून टाकलं. बोलणं आमचं मोडक्या इंग्रजीत चालायचं, दोघांचंही सारखंच मोडकं. एकदा मी आईनं दिलेली सुकट भाजली. मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. तर बाई पळत आल्या आणि बशी पुढं करून उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमचं जमलं.

नोव्हेंबर संपताना त्यांनी मला यादी लिहायला बसवलं. दहा किलो तांदूळ, मसूर, बटाटे, पीठ, दुधाची पावडर, मेणबत्त्या. मी सगळं होडीतून आणलं, फळीवर लावलं. तासिका संपल्या होत्या, पुस्तकं जवळ होती. परीक्षा होती दहा जानेवारीला, दुपारी एक वाजता. त्या पेपरात नापास किंवा गैरहजर, तर सत्राचे गुण अपुरे, आणि गुण अपुरे तर फीमाफी बंद, हे पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं.

“दहा तारखेला मला जायचंय,” मी बाईंना आठवण केली.

“मग होडी बंद व्हायच्या आत गावात जाऊन राहा.”

“राहू कुठं? महिन्याचे साडेचार हजार आणू कुठून?”

“ते मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “दहा तारखेचं मी वचन देत नाही.”

मला वाटलं, आबाही आधी असंच म्हणतात.

पाच डिसेंबरला शेवटची होडी गेली. आणि पंधरा-सोळा तारखेच्या सुमारास एका सकाळी मी खिडकीचा पडदा सारला आणि तसाच उभा राहिलो.

समुद्र थांबला होता.

ज्यानं आयुष्यभर समुद्र पाहिलाय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते. भरती-ओहोटी, उधाण, वारा पडल्यावरची शांतता, सगळं मला ठाऊक होतं. पण अगदी शांत पाणीही किनाऱ्यावर काहीतरी कुजबुजत असतं. त्या दिवशी काहीच नव्हतं. करडं, सपाट, पलीकडच्या झाडांपर्यंत पसरलेलं, आणि आवाज नाही. मी दारात गेलो, कान दिले, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आमच्या घरात समुद्राला नारळ देतात, हात जोडतात. मी तिथंच, लोकरीच्या मोज्यांत, हात जोडले.

दोन दिवसांनी आवाज आला. बर्फाला तडे जाताना तो वाजतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दूर कुठंतरी सुरू होऊन आपल्या पायाखालून निघून जाणारा खोल हुंकार, आणि मागोमाग ताणलेली तार तुटल्यासारखा बारीक टणत्कार. मी जेवता जेवता ताट सोडून उठलो.

“वाढतोय,” बाई बटाटा सोलत म्हणाल्या. “गप्प असतो तेव्हा जास्त भीती.”

रोज सकाळी दहा वाजता, उजेड आला की, त्या लोखंडी टोकाची उंच काठी घेऊन बर्फावर जायच्या. काठीनं टोले मारायच्या, भोक पडलं की जाडी मोजायच्या आणि येऊन दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं आकडा लिहायच्या. त्या चौकटीवर चाळीस हिवाळे लिहिलेले होते. सगळ्यात खालचे आकडे नवऱ्याच्या हातचे, वरचे त्यांच्या. मी ते वाचत उभा राहायचो. शाळेत, कॉलेजात इतकी वर्षं घालवली, पण इतकी वर्षं कोणी एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवलेलं मी कुठंच पाहिलं नव्हतं.

नाताळ गेला. आकडे हळूहळू चढत होते. होडी जाणार नाही इतका बर्फ होता, पण माणसाला खात्रीनं पेलेल इतका अजून नव्हता. त्या वर्षी थंडी उशिरा आली, असं शेजारचा स्टूरे म्हणाला. स्टूरेकडे मागे मोठा पंखा असलेली होडी होती, पाण्यावर आणि बर्फावर दोन्हीकडे चालणारी. मी त्याच्याकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यानं मला पडवीत नेऊन तिचं उघडलेलं इंजिन दाखवलं. एक सुटा भाग हवा होता आणि तो गावातल्या दुकानात येऊन पडला होता. माझ्या प्राध्यापकांना लिहिलं, घरून परीक्षा देऊ का? उत्तर सभ्य होतं आणि नकाराचं होतं. आजारी माणसासाठी हेलिकॉप्टर येतं असं कळल्यावर आजारी पडण्याचाही मी विचार करून पाहिला.

मग मी बाईंच्या मागं लागलो. सकाळी, दुपारी, भांडी घासताना.

“नाही,” त्या म्हणायच्या.

“नुसतं बघून तर येऊ.”

“मी रोज बघते.”

रविवारी आबांचा फोन यायचा. मला व्हिडिओवर त्यांचं फक्त कपाळ दिसायचं, पण त्यांचा आवाज सगळ्या घरभर व्हायचा.

“काय रं, जेवलास काय? म्हातारी काय म्हनते?”

“नाही म्हणते.”

“आदी सगलीच न्हाय म्हनतात. भित्ये आसंल. तू नेट सोडू नुको. तिला सांग, माजा बापूस चालीस वर्सा तरीवर हाय, एक मानूस कदी परत न्हाय पाटवला.”

मी ते बाईंना सांगितलं, अगदी अभिमानानं. त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. “एकही नाही?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही.”

त्यांनी विणकाम पुन्हा उचललं आणि टाके मोजायला लागल्या.

त्याआधी, नाताळच्या तोंडावर, बाईंना एक फोन आला होता. त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. ठेवल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला आणि तो मग आठवडाभर लागलाच नाही. मी विचारलंही नाही. माझं डोकं उष्मागतिकीच्या सूत्रांत आणि दहा तारखेत अडकलेलं होतं.

दहा तारखेला सकाळी माझ्या दारावर थाप पडली. बाई समोर उभ्या, जाड कोट, पाठीवर पिशवी, हातात काठी आणि दोराचं वेटोळं.

“बूट घाल,” त्या म्हणाल्या. “बघू.”

मला इतका आनंद झाला, की त्यांना मिठी मारायचंच काय ते बाकी राहिलं. शेवटी आपण जिंकलो! आबा म्हणतात तेच खरं, नेट सोडायचा नाही. मी पेन, ओळखपत्र आणि दोन उकडलेले बटाटे खिशात घातले.

त्यांनी माझ्या गळ्यात दोन लाकडी मुठी असलेले खिळे अडकवले. “आत पडलास तर हे बर्फात रोव आणि स्वतःला ओढ. ओरडू नकोस, दम पुरव.” मग दोराचं एक टोक माझ्या कमरेला, एक स्वतःच्या. “वीस पावलं मागं राहा. मी थांबले की थांब. मी फिरले की फिर. विचारू नकोस. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. माझं कबूल म्हणणं काय लायकीचं असतं ते तुम्हाला आता माहीत आहेच.

आम्ही समुद्रावर उतरलो.

सूर्य अजून वर आला नव्हता, पण आभाळाच्या कडेला केशरी पट्टा होता आणि बाकी सगळं निळं. बर्फ उघडा होता, वर हिमाचा पापुद्रासुद्धा नव्हता. त्यातून खाली दिसत होतं. पहिली शंभर पावलं मी दगड, शेवाळ, एक बुडालेली बादली बघत चाललो. मग तळ नाहीसा झाला आणि खाली नुसता काळोख उरला. त्या काळोखावर मी बूट ठेवत होतो, पुन्हा उचलत होतो, पुन्हा ठेवत होतो. पांढरे बुडबुडे वर येता येता गोठून चवल्यांसारखे एकावर एक थांबले होते. माझ्या मनातून परीक्षा पार गेली. एवढंच कळत होतं, की मी फार मोठ्या कशाच्या तरी पाठीवरून चाललोय आणि त्यानं मला अजून हटकलेलं नाही.

पुढं बाई चालत होत्या. टक, टक, टक, टक, टक. पाच टोल्यांना भोक पडायचं, पाणी वर यायचं, त्या वाकून बघायच्या आणि पुढं निघायच्या. पाच टोले, वीस पावलं. पाच टोले, वीस पावलं. दोन किलोमीटरची ती खाडी आम्ही अशी ओलांडत होतो. समोर पोलाद कारखान्याची धुराडी दिसायला लागली. मग गावातली घरं, मग चर्चचा मनोरा, मग धक्क्यावर कुत्रा फिरवणारा माणूस. त्यानं हात वर केला. मीही केला.

पुढं टक, टक, टक, टक झालं. चार टोले.

मग तीन.

बाई थांबल्या, मी थांबलो. त्या उजवीकडे पन्नास पावलं गेल्या, दोराच्या टोकाला मी. तीन. डावीकडे गेल्या. पुन्हा तीन. पुढं दहा पावलं टाकली, अगदी हळू. टक, टक, आणि काठी खाली गेली.

त्या तशाच उभ्या राहिल्या. समोर किनारा होता. मी नंतर कितीतरी वेळा ते अंतर मनात मोजलंय. तीनशे पावलं. त्या माणसाच्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा लाल होता हे मला दिसत होतं. बाई किनाऱ्याकडे बघत होत्या. दोन मिनिटं झाली असतील, कदाचित तीन. एवढा वेळ त्या कुठंच थांबल्या नव्हत्या. माझ्या नाकात श्वास गोठत होता.

मग त्या फिरल्या आणि माझ्याकडे चालत यायला लागल्या.

“काय झालं?” मी ओरडलो. “दोन टोले म्हणजे बर्फ आहे ना अजून!”

“फिर.”

“लोटांगण घालत जाऊ! वजन पसरेल!”

“इथं नदीची ओढ आहे. खालून खाते. फिर.”

“अहो, तीनशे पावलं राहिलीत!”

“फिर, हारेश.”

दोर ताणला गेला. मी हललो नाही. आणि मी जे बोललो ते आज लिहितानाही मला मान वर करवत नाही. म्हणालो, “तुमचं काय जातंय? तुम्हाला घरी जाऊन बटाटेच सोलायचेत! माझं सगळं आयुष्य तिकडे आहे!”

बाई माझ्याजवळून गेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पापण्यांवर बर्फ जमला होता. वीस पावलं पुढं जाऊन त्या दोर ताणून उभ्या राहिल्या आणि वाट बघत राहिल्या. मी रडत, मराठीत शिव्या देत, त्यांच्या मागून परत निघालो. जाताना पाडलेल्या प्रत्येक भोकावर एव्हाना पातळ नवी साय धरली होती.

दुपारी एक वाजला तेव्हा मी खोलीत पालथा पडलो होतो. अडीचच्या सुमारास बाईंनी खिडकीवर टकटक केली आणि हातानं समोर दाखवलं. मावळत्या उजेडात, पलीकडच्या किनाऱ्यालगत, काळ्या पाण्याचा पट्टा उघडला होता. वारा फिरला होता. आम्ही साडेअकराला तिथं होतो. निघून गेलो असतो तर कदाचित पोचलोही असतो. खरं सांगायचं तर आजही मला ते माहीत नाही. बाईंनाही माहीत नव्हतं.

आबांचा फोन रविवारी आला. मी सगळं सांगितलं.

“किती ऱ्हायलं व्हतं?”

“तीनशे पावलं.”

“आनि फिरली?”

“फिरली.”

“मी न्हाय फिरलो असतो रं,” आबा म्हणाले. त्यात बढाई नव्हती. मग म्हणाले, “आसूंदे. फीचं काय ता बगू.” फीमाफी गेलीच. आबांनी धाकटी होडी विकली, उरलेलं मी उन्हाळ्यात हॉटेलांच्या खोल्या साफ करून उभं केलं. एक सत्र मागं पडलो. त्या खोल्या घासताना मी बाईंना पुष्कळदा मनातल्या मनात धन्यवाद दिले, पण ते पुढं. तेव्हा मात्र अठरा दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो.

अठ्ठावीस जानेवारीला बर्फाचा रस्ता उघडला. समुद्रावर सरकारी रस्ता! दोन्ही बाजूंना फांद्या रोवलेल्या, वेगमर्यादेची पाटी लावलेली. बाईंनी जुनी व्होल्वो बाहेर काढली आणि म्हणाल्या, “चल, गावात काम आहे.”

मी पट्टा लावायला गेलो तर त्यांनी हात धरला. “बर्फावर पट्टा नाही. काचही खाली कर.” बर्फ फुटलाच तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून. गाडी समुद्रावर उतरली. खालून तो हुंकार आला, गाडीच्या पत्र्यातून माझ्या पाठीत शिरला, आणि अठरा दिवस धरून ठेवलेला राग कुठल्या कुठे गेला. जिथून आम्ही परतलो होतो तिथून आता एक मालट्रक येत होता. चालकानं बाईंना हात केला. खाली उतरून दोन्ही हात टेकावेत आणि डोकं ठेवावं असं मला वाटलं, इतकं ते मोठं होतं.

मला वाटलं दुकानात जायचंय. गाडी चर्चच्या मागं थांबली. बाई उतरल्या आणि गुडघाभर बर्फातून थडग्यांच्या मधून चालायला लागल्या. मी मागोमाग. एका ताज्या ढिगाशी त्या थांबल्या. साधा लाकडी क्रॉस होता, त्यावर नाव होतं. मायब्रित. खाली जन्माचं आणि मरणाचं साल.

“माझी बहीण,” बाई म्हणाल्या. “धाकटी. नाताळच्या आधी गेली. आम्ही दोघीच होतो.”

मला तो फोन आठवला, बंद राहिलेला रेडिओ आठवला. इथं माणूस गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंत्यविधी करतात, एवढं मला एव्हाना ठाऊक होतं. मी विचारलं, “पुरलं कधी?”

“दहा तारखेला,” त्या म्हणाल्या. “दुपारी बारा वाजता.”

चर्चचा मनोरा माझ्या डोक्यावर होता. तोच, जो मी बर्फावरून पाहिला होता. त्या दोन-तीन मिनिटांत बाई कुत्र्याकडे नव्हत्या बघत, किनाऱ्याकडेही नव्हत्या बघत. आणि मी त्यांना बटाट्यांबद्दल बोललो होतो.

“तुम्ही मला सांगितलं का नाही?” मी कसंबसं म्हणालो. “त्या दिवशी. मी मागं लागलो म्हणून तुम्ही निघालात असं मला वाटलं.”

“सांगून काय?” बाई क्रॉसवरचं हिम हातमोज्यानं झटकत म्हणाल्या. “तू म्हणाला असतास, मग तर चलाच. जायची घाई असलेली दोन माणसं बर्फावर नकोत. एक होतं तेच जास्त होतं.”

“मी?”

“तू नाही,” बाई म्हणाल्या. “तुला काय, तू तर मागं होतास. काठी माझ्या हातात होती.”

मी वाकलो. आमच्याकडे जसं वाकतात तसा, त्यांच्या बुटांपर्यंत हात नेला. त्यांना वाटलं माझा पाय घसरला. त्यांनी झटकन माझं बखोट धरलं आणि मला सरळ उभं केलं. बाहत्तर वर्षांच्या हातात ती ताकद कुठून आली होती कोण जाणे.

“सांभाळून,” त्या म्हणाल्या. “इथं निसरडं आहे.”